दहावा शब्द

देवाच्या साहाय्याने
एलियाहू नबीची गुहा, हैफा
३ अदार ५७३४

ती. सिमीताई हिस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघे सुखरूप पोचलो. बसमध्ये अमरामदादाने खिडकीवरून नजर काढली नाही, पण त्रासही दिला नाही. तू दिलेली अंडी मी सोलून हातात ठेवली तेव्हा खाल्ली.

गुहेला लागून खोल्या आहेत, त्यांतली एक आम्हाला मिळाली. शेजारी एक बाई आपल्या लेकीला घेऊन राहते. लेक दिवसभर हसते. बाई म्हणाली, इथं झोपलेल्याला नबी स्वप्नात हाक मारतो, आणि माणूस बरा होऊन उठतो. किती दिवसांनी, असं मी विचारलं तर म्हणाली, अरे बाबा, नबी म्हणजे काय बस आहे, वेळापत्रक बघून यायला?

गुहेच्या राखणदाराने दादाचं विचारलं. मी सांगितलं, की लढाईत कालव्याच्या आघाडीवरून तो जखमी मित्राला पाठीवर घेऊन चालत आला. मित्र वाटेतच गेला होता, पण दादा त्याला खाली ठेवेना. तेव्हापासून खांदे वाकलेले ते वाकलेलेच, आणि तोंडातून शब्द नाही. राखणदार म्हणाला, अशांसाठीच ही जागा आहे.

मखलूफभावोजींना सांग, इस्पितळाची घाई करू नका. वेड्यांत एकदा नेऊन ठेवलेला माणूस उद्या बोलला तरी ऐकणार कोण? मला थोडी मुदत द्या. आईच्या हातांना माझा मुका.

लोभात उणं पडू देऊ नकोस.
तुझा धाकटा,
रहामीम

दिमोना
६ अदार

चि. रहामीम यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकही खाडाखोड नाही, म्हणजे आधी कच्चं लिहून मग उतरवून काढलंस. पाण्याचा पेलाही असाच तीनदा उजेडात धरून पितोस. जेवतोस तरी का?

मखलूफ काही कसाई नाही. विमान गेलं की अमराम माझ्या पोरांना पलंगाखाली कोंबून वर आडवा पडायचा. धाकटी आता विमान नसलं तरी गुदमरल्यासारखी करते. मखलूफ म्हणतो, तो तुझा भाऊ आहे तशी ही माझी पोरं आहेत. यावर मी काय बोलू?

इस्पितळातली खाट पुरीमच्या सणानंतरच्या रविवारपर्यंतच राखून ठेवणार आहेत. त्या दिवशी तो गाडी घेऊन येईल. डॉक्टर म्हणाले, तोवर आपणहून एक शब्द बोलला तरी विचार करू. एकच शब्द, रहामीम. तुझ्या नबीला सांग, सिमीचं फार मोठं मागणं नाही.

आईने डोक्याचा रुमाल पाठवला आहे. गुहेच्या दगडाला लावून अमरामच्या उशाशी ठेव.

माया आहे ती तशीच असू दे, आणि जेव.
तुझी,
सिमी

हैफा
९ अदार

ती. सिमीताई हिस,
सा. न. वि. वि.

माझ्या हातून फार वाईट झालं.

इथे रोज संध्याकाळी पेपो नावाचे एक म्हातारे येतात. मूळचे सालोनिकाचे, जन्मभर बंदरावर हमाली केली. बायको फोर्तुना वारली, तिच्यासाठी काद्दीशची, मृतांसाठीची, प्रार्थना म्हणतात, त्याला दहा पुरुष लागतात. आपल्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, म्हणून ते दहा शब्दांच्या वचनाचा एकेक शब्द एकेकावर ठेवत जातात. आपल्या लोकांना तार, वतनाला आशीर्वाद दे, त्यांना उचलून ने युगानुयुग. ‘उचलून’ आलं की रोज म्हणतात, बघा, देवालासुद्धा शेवटी हमालीच!

काल ‘ने’ माझ्यावर आला आणि माणसं संपली. उरला दादा. पेपोंचं बोट त्याच्याकडे वळलं तसा राखणदार म्हणाला, भान नसलेल्याला धरता येत नाही. पेपो म्हणाले, भान इथं कुणाला आहे, तुला? दोघांचं वाजलं. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. तू त्याचा भाऊ, तूच सांग, त्याला कळतं का?

ताई, मला भीती वाटली. खोटा दहावा धरला आणि मेलेल्या बाईची प्रार्थना वाया गेली तर? मी म्हणालो, नाही कळत, त्याला धरू नका.

दादाने वळून माझ्याकडे पाहिलं. लढाईनंतर पहिल्यांदा. मग बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. पेपो काद्दीश न म्हणता घरी गेले, जाताना एवढंच म्हणाले, फोर्तुना, तुझ्या नवऱ्याला आजही उशीर.

तेव्हापासून दादा खात नाही. पाणी ओठांशी नेलं की जेमतेम एक घोट घेऊन तोंड फिरवतो. आईचा रुमालही त्याने बाजूला सारला. त्याला कळतं, ताई. सगळं कळतं. त्याला माणसांतून वगळलं ते मी, इस्पितळाने नव्हे. आता मी काय करू?

अजूनही लोभ उरला असेल तर लवकर लिही.
रहामीम

दिमोना
११ अदार

चि. रहामीम यास आशीर्वाद.

तुला रब्बी कुणी केलं? सातवीत शाळा सुटली आणि निघाला धर्माचा निवाडा करायला. म्हातारा म्हणत होता ना, धर म्हणून? मग तुझं काय जात होतं?

आईला हे पत्र वाचून दाखवलं नाही. मखलूफला दाखवलं. तो म्हणाला, खात नसेल तर रविवारपर्यंत थांबायचं कशाला, उद्याच निघतो. मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले. रविवारच्या पुढे मात्र माझं चालणार नाही.

अमरामची माफी माग. कळत असेल तर ऐकेल, नसेल तर तुझी जीभ झिजणार नाही. त्याने काही केल्या पाणी तरी प्यायला हवं.

रागावले म्हणून लोभ आटला असं समजू नकोस.
सिमी

हैफा
१३ अदार, एस्तेरचा उपास

ती. सिमीताई हिस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाईट आलं तर माफ कर, हे उतरवून काढणार नाही.

माफी मागितली. आईची शपथ घातली, पायाशी बसलो. दादा दगडाकडे तोंड करून उभाच. आज आम्हा सगळ्यांचा उपास, तेव्हा पहिल्यांदाच इथे सगळेच त्याच्यासारखे कोरड्या ओठांचे होते.

पेपो आले. मी ठरवलं होतं, आज आपणच म्हणायचं, दादाला धरा. मोजणी सुरू झाली. ‘ने’ माझ्यावर आला. पेपो थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. आणि ताई, माझी जीभ टाळूला चिकटली. पुन्हा तीच भीती. पुन्हा तसाच उभा राहिलो.

तेव्हा दादा म्हणाला, युगानुयुग.

वळला नाही. दगडाकडे तोंड करूनच म्हणाला. राखणदाराने रुमाल काढून नाक पुसलं आणि मुकाट्याने पुस्तक उघडलं. पेपो म्हणाले, फोर्तुना, ऐक, आज भरले. मग त्यांच्याने काद्दीश धड म्हणवेना, राखणदाराने मागून शब्द सांगितले.

दादा ‘आमेन’ म्हणाला नाही, मी कान देऊन होतो. उपास सोडताना पेलाभर पाणी प्यायला, थोडा पाव खाल्ला. त्यानंतर गप्पच. खांदेही तसेच.

डॉक्टर हा शब्द धरतील का? शब्द त्याचा नव्हता, वचनातला होता. मी उगाच वाढवून लिहू शकत नाही. आणि नवीच धास्ती लागली आहे, की कुणी एखादा वाटसरू आत आला आणि दहा आधीच भरले, तर दादा पुन्हा उरलेला. मी दाराकडेच बघत बसतो.

भावोजींना काय सांगायचं ते तूच ठरव. माझ्यावरचा नसला तरी दादावरचा लोभ राख.
रहामीम

दिमोना
१६ अदार, रविवार

चि. रहामीम यास अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र मखलूफच हातात देईल. गाडी बघून घाबरला असशील, पण शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र बसवाल्याने पुरीमच्या दिवशीच आणून दिलं. या वेळी आईला वाचून दाखवलं. तिने इतकंच विचारलं, आवाज त्याचाच होता ना? तू लिहिलं नव्हतंस, तरी मी होय म्हणाले.

आज सकाळी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, वचन म्हणजे पाठांतर, ते आपणहून बोलणं नव्हे. आजची खाट सोडलीत तर पुढची कधी मिळेल सांगता येणार नाही. मी मखलूफला जसंच्या तसं सांगितलं. तो उठला, गाडीत पेट्रोल भरून आला आणि अमरामचे कपडे बांधून दे म्हणाला. मी दिले. कुठल्यासाठी ते विचारायची छाती झाली नाही. आई आतून बघत होती.

मग दारात थांबून त्याने विचारलं, संध्याकाळी तिथं किती माणसं असतात? मी म्हटलं, रहामीमच्या पत्रावरून तरी एक कमीच पडतो, अमराम धरून पुरतात. त्याने जरा वेळ किल्ली बोटात फिरवली. म्हणाला, रहामीमला लिही, मी दहावा व्हायला आत यायचा नाही. प्रार्थना संपेपर्यंत खाली गाडीतच बसेन.

सगळ्यांवर आहे तेवढा लोभ असू दे.
तुझी,
सिमी