सासूबाईंना न उतरवता पिकअपची तपासणी होणेबाबत

प्रति,
माननीय मुख्य वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय (आवाराकडील खिडकी).

अर्जदार : वजनकाटा चालक, अनुभव बावीस वर्षे.
सध्याचा मुक्काम : आपल्याच कार्यालयाचे आवार, पाण्याच्या टाकीशेजारी.

विषय : मागचे पाटे वाढवूनही पिकअप तीनदा नापास झाल्याबाबत, व चौथी तपासणी माणसे आत असताना करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या निरीक्षकसाहेबांचे तीन शेरे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेले.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या सासूबाई, वय एकोणऐंशी, यांचा सगळा संसार दीपगृहावर झाला. सासरे दिवा सांभाळत आणि सासूबाई सासऱ्यांना. दीपगृहामागच्या ज्या दोन खोल्यांत अर्जदाराच्या पत्नीचा जन्म झाला, त्या खोल्या या महिनाअखेरीस पाडल्या जाणार आहेत. त्याआधी एकदा त्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे, एवढेच सासूबाईंचे मागणे आहे. रस्ता दोन दिवसांचा. सासूबाईंना तासाभराच्या वर बसवत नाही, परक्या अंथरुणावर झोप लागत नाही आणि परक्या मोरीत त्या पाय ठेवत नाहीत. सबब अर्जदाराने स्वतःच्या पिकअपच्या हौद्यावर राहण्याजोगी एक खोलीच बसवून घेतली.

खोली हलकी असावी असा अर्जदाराचा आग्रह होता. परंतु आधी सासूबाईंचा लोखंडी पलंग आला, पलंगापाठोपाठ ट्रंक आली, पडदे वाटेत शिवून होतील म्हणून पत्नीने शिलाई मशीन चढवले, आणि मोरी म्हटली की पाण्याची टाकी आलीच. पलंग अगदी मागच्या दाराशी लावला आहे, कारण सासूबाईंना मागे पडत जाणारा रस्ता बघायचा असतो. एकूण वजन परवानगीच्या आत आहे, काट्याची पावती सोबत आहे. वजनाच्या बाबतीत अर्जदाराचा हात कोणी धरणार नाही.

तथापि खोली बसताच पिकअपने मागे बूड टेकले आणि नाक वर केले. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मागच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे ज्या लोखंडी पट्ट्यांवर गाडीचा भार तोललेला असतो त्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन वाढवले व शॉकॲब्सॉर्बर दणकट घातले. गाडी सपाट उभी राहिली. संध्याकाळी घरचे सगळे आत बसले, आणि पहिले पाढे पंचावन्न. दिव्यांचा झोत समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथे एक गृहस्थ दाढी करत होते, त्यांनी खिडकी लावून घेतली. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आमचे हे जहाजांना दिवा दाखवायचे. तुम्ही कोणाला दाखवताय?"

यात चूक अर्जदाराचीच होती, हे लपवून उपयोग नाही. ट्रक काट्यावर चढला की अर्जदार आधी खिडकीतून सांगतो, माणसं खाली उतरा. बावीस वर्षे हेच चालले आहे. त्याच सवयीने त्याने घरच्यांनाही खाली उतरवले, खोलीचे वजन केले आणि तोच आकडा मिस्त्रींना दिला. पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, म्हणजे आम्ही तुमच्या वजनात नव्हतोच."

मिस्त्रींनी मग हवेचे फुगे बसवण्याचा तोडगा सुचवला. फुगवले की मागची बाजू वर, हवा सोडली की खाली. जे फुटू शकते त्याच्यावर आपण झोपणार नाही, असे सासूबाईंनी स्पष्ट केल्याने तो विषय मिटला. अखेर तिघेही आत बसून राहिले आणि मिस्त्रींनी खाली मोजपट्टी लावून आणखी एकेक पाटा चढवला. सासूबाई पलंगावर, पत्नी मशीनपाशी, अर्जदार चालकाच्या जागी. अशा स्थितीत गाडी अशी सपाट उभी राहते की ताटलीतले पाणी हलत नाही.

एवढे करून अर्जदार मोठ्या उमेदीने तपासणीस आला. निरीक्षकसाहेबांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे : "चालक सोडून सगळे खाली उतरा." अर्जदाराला आपलाच आवाज ऐकू आल्यासारखे वाटले. दोघी उतरताच मागची बाजू चार बोटे उचलली गेली, दिवे स्वतःच्याच चाकांपुढची माती बघू लागले. नापास.

दुसऱ्या दिवशी अर्जदाराने माणसांच्या जागी मोजून तेवढ्याच वजनाची वाळूची पोती ठेवली. दिवे अगदी जागेवर आले. परंतु राहण्याच्या खोलीत वाळू आढळल्याने ही मालवाहतूक ठरते, असा शेरा मिळाला. नापास.

तिसऱ्या दिवशी सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या आणि उतरणार नाही म्हणाल्या. त्यांना समजावण्यासाठी निरीक्षकसाहेब स्वतः आत गेले. सासूबाईंनी त्यांना पलंगाच्या कडेला बसवून घेतले, ट्रंकेतून दीपगृहाचा फोटो काढला, आणि सासरे तापाने फणफणले असताना तीन रात्री दिवा कोणी चालू ठेवला ते पहिल्यापासून सांगितले. निरीक्षकसाहेबांनी डोळे पुसले, हे अर्जदाराने आरशात पाहिले आहे. मात्र साहेबांची शरीरयष्टी भरभक्कम असल्याने तेवढ्या वेळात मागची बाजू दबली, दिव्यांचा झोत कार्यालयाच्या पाटीवर चढला, आणि बाहेर थांबलेल्या मदतनिसांनी तेवढे पाहून नोंद केली : दिवे प्रमाणाबाहेर उंच. नापास. म्हणजे या खेपेस गाडी आपल्याच खात्याच्या वजनाने नापास झाली, हे अर्जदार कोणताही आकस न ठेवता निदर्शनास आणतो.

नापास झालेली गाडी रस्त्यावर नेता येत नाही. त्यामुळे अर्जदार, पत्नी व सासूबाई गेले चार दिवस आपल्या आवारात राहत आहेत. आपल्या खिडकीसमोरच्या दोरीवर वाळत असलेल्या चादरी आमच्याच होत, त्याबद्दल क्षमस्व. आपल्या कारकूनबाईंच्या दोन पोलक्यांना पत्नीने हूक लावून दिले आहेत. तो कामात हस्तक्षेप समजू नये. महिना संपायला सहा दिवस राहिले असून त्यातले दोन रस्त्यात जाणार आहेत.

सबब विनंती की,

(अ) चौथी तपासणी तिघे आपापल्या जागी असताना व्हावी, आणि त्या वेळी कार्यालयातील कोणीही आत चढू नये;

(ब) हे नियमात बसत नसल्यास सासूबाईंची नोंद वाहनाला कायम जोडलेला भाग म्हणून करावी. त्यांची संमती घेतली आहे. त्यांनी फक्त भाग कोणता ते विचारले आहे.

एक गोष्ट या अर्जात बसत नाही, तरी लिहितो. पाटे आवळताना मिस्त्रींनी हळूच विचारले होते की, उद्या म्हातारबाई नसल्या तर हे जादाचे पाटे काढावे लागतील, चालेल ना. मिस्त्री धंद्याचे बोलत होते, त्यांचा दोष नाही. परंतु ते पाटे अर्जदाराला काढायचे नाहीत. गाडी सगळी माणसे धरून सपाट उभी आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अर्जदाराने वजन बरोबर केले आहे. ते एकदा आपण पाहावे.

आपला नम्र, व माणसे खाली उतरवण्यास यापुढे राजी नसलेला,

(सही)
अर्जदार

दिनांक : चालू महिन्याची पंचवीस

सोबत :
१. काट्याच्या पावत्या दोन : एक माणसे उतरवून, एक न उतरवता.
२. मिस्त्रींचा दाखला. त्यावरचा काळा डाग ग्रीसचा आहे, शिक्का नव्हे.
३. तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थांचे ना हरकत पत्र.
४. सासूबाई (मूळ प्रत, पाहून लगेच परत करावी).