बुडबुडे खालच्या टोकाला

११ फेब्रुवारी

पेटी उलटी भरली आहे! पैज लावते.

गावाच्या नव्या पाण्याच्या टाकीसाठी डोंगराच्या खांद्यावर भोक पाडलं. आतून निघालेल्या खडकाच्या कांड्या पेटीत क्रमानं मांडल्या – वरची आधी, तळची शेवटी. त्या तपासणं हे माझं काम. आज झाकण उघडलं आणि बघतच राहिले.

ही अख्खी डोंगररांग लाव्ह्याची. जमिनीला भेग पडायची, लाव्हा पसरायचा, निवायचा. मग हजारो वर्षं सामसूम. वर माती धरायची. पुन्हा लाव्हा यायचा आणि ती माती विटेसारखी लाल भाजून टाकायचा. असे थरावर थर. आणि वाफेचे बुडबुडे लाव्ह्यात नेहमी वर चढतात, दुधावरच्या फेसासारखे. या पेटीत ते खालच्या टोकाला दाटलेत!

म्हणजे मांडणाऱ्यानं माथा आणि तळ यांची अदलाबदल केली. मांडणारा – माझा नवरा.

१२ फेब्रुवारी

जेवताना सांगितलं. हातातला घास तसाच ठेवला त्यानं. "भोकं पाडण्यात केस पिकले माझे. पेटी उलटी भरायला मी काय काल आलोय?"

मी म्हटलं, मग बुडबुडे काय डोक्यावर उभे राहिले?

सासूबाई म्हणाल्या, "दगडावरून भांडणारं जोडपं मी आजच बघते." हसू आलं, पण दाबलं.

प्रश्न त्याच्या मानाचा नाहीच. ती लाल माती ओली झाली की लोण्यासारखी सरकते. पेटी सरळ असेल तर माती खूप खोल आहे – टाकी खुशाल बांधा. उलटी असेल तर ती टाकीच्या पायाशीच! भरलेली टाकी घसरली तर खाली पहिली आळी आमची. सासूबाईंच्या खोलीची भिंत तर डोंगराला टेकलेली.

१४ फेब्रुवारी

टाकीच्या जागेला मंजुरी म्हणून ऑफिसनं माझी सही मागितली. दिली नाही.

१५ फेब्रुवारी

ऑफिसातले मोठे साहेब स्वतः आले. "बाई, लोक टँकरमागे धावतायत आणि तुम्ही बुडबुडे कसले बघत बसलाय?"

खरं आहे. सकाळी बादली घेऊन मीही धावलेच होते. म्हटलं, शेजारी दुसरं भोक पाडा. मी उभी राहीन, निघेल त्या कांडीवर माथ्याकडे बाण काढीन. लाल माती खोल निघाली तर डोळे झाकून सही.

"आणि चूक कुणाची, ते लिहून द्याल?"

देईन, म्हटलं. नवरा तिथेच पाना पुसत होता. मान वर केली नाही त्यानं.

१६ फेब्रुवारी

अंथरूण उचलून आईच्या खोलीत गेला. जाऊ दे! वाईट वाटतंय, फार वाटतंय. पण माघार नाही.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या भोकाचं यंत्र सुरू. "बाई, जरा बाजूला व्हा." एवढ्या संसारात पहिल्यांदा मला अहो-जाहो!

कांडी बाहेर आली की तो धरतो, मी लाल पेन्सिलीनं बाण काढते. अजून नुसता घट्ट काळा खडक. एक बुडबुडा नाही. नवऱ्याचा चेहराही तसाच.

२० फेब्रुवारी

सासूबाईंनी मुद्दाम एकच डबा दिला. एकाच डब्यात जेवलो. शेवटची पोळी त्यानं माझ्याकडे सरकवली.

२१ फेब्रुवारी

बुडबुडे आले. खालच्या टोकाला!

बाण माझा, हात माझा. कांडी धुऊन पुन्हा पुन्हा पाहिली. बाण वर, बुडबुडे खाली. मग लाल माती – त्याच्या पेटीत होती तेवढीच खोल.

सगळ्यांसमोर म्हटलं, "पेटी सरळ होती. चूक माझी." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! वाटलं, आता टोमणा येणार. तो शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मग गं, बुडबुडे खाली गेले कसे?"

मी भोकात वाकून पाहिलं.

साहेबांनी पेन पुढे केलं. "माती खोल आहे. शब्द दिला होतात."

दिला होता. पण पेन घेतलं नाही. म्हटलं, "अजून खाली जाऊ."

साहेब काही बोलायच्या आत नवऱ्यानं यंत्र सुरू केलं.

२२ फेब्रुवारी

लाल मातीखाली खडकच नाही. नदीचे गोल गोटे, ओला चिखल, आणि त्यात झाडाच्या फांदीचा तुकडा – अजून चुलीत जळेल असा.

पेटी सरळ आहे. डोंगराचा खांदाच उलटा आहे! कधीतरी माथ्यापासून सुटला आणि कूस पालटून नदीवर येऊन पडला. फार जुनी गोष्टही नाही. टाकी त्याच्यावर होणार होती. आमची आळी त्याच्या पायाशी आहे. पाऊस मुरला की तो पुन्हा सरकेल.

सही केली. टाकी इथे नको; पावसाच्या आत आळी रिकामी करा.

नवरा सासूबाईंचं सामान बांधतोय. त्या विचारतायत, "परत कधी यायचं?" तो माझ्याकडे बघतोय.