जाताना कुठे विचारायचं नाय

आई, काल डोळ्याला डोळा लागला नाय. पोरीमुळे नाय गो, ती बिचारी दूध पिऊन गपचिप झोपली. तुझ्या नवऱ्यामुळे. तुझा नवरा हिमालयात गेलाय, बर्फावरनं चालायला. बर्फाचं मोठं मैदान आहे म्हणे, ते या टोकाकडनं त्या टोकाला पार करायचं, रात्री तिथेच तंबू ठोकून झोपायचं. साठी उलटल्यावर! सोबत कोण, तर अलोऱ्याच्या कॉलनीतले तेच तिघे, जे आपण तिथे राहत असताना दर रविवारी दोर घेऊन कड्यांवर लोंबकळायचे. आता एकाला साखर, एकाच्या गुडघ्याला पट्टा, तिसऱ्याला नीट ऐकू येत नाय. आणि आपले बाबा त्यांचे पुढारी. काल संध्याकाळपर्यंत खाली उतरून फोन करणार होते. आला नाय. मी लावते तर लागत नाय.

निघायच्या आधी इथे मिरजोळ्याला आमच्या खोलीवर आले होते. मी भाकऱ्या थापत होते, पोरगी त्यांच्या मांडीवर. म्हटलं, "बाबा, या वयात कशाला?" तर म्हणतात, "अगो, आपल्या डोंगरावरच्या सपाट सड्यासारखंच असतं ते. कातळाच्या जागी बर्फ, एवढंच." म्हटलं, "सड्यावर माणूस आत पडत नाय." तर हसले. बर्फाला भेगा असतात, वरनं कळत नाय, म्हणून चौघांनी एकाच दोराला बांधून घ्यायचं, एक गेला तर बाकीचे धरतात. "आणि नाय धरवलं तर?" "मग सगळेच. चहा पण आम्ही एकत्रच प्यायलो ना जन्मभर?" हे काय बोलणं झालं? वर पोरीच्या हिरडीवरनं बोट फिरवून सांगतात, "हिला दात येईपर्यंत मी आलोच." दात आलाय, आई. खालचा. काल मला बोटाला लागला.

आज सकाळी हे कंपनीत जायला निघाले तेव्हा म्हणाले, "जागेचं नाव सांग, आमच्यात एकजण तिकडचाच आहे, त्याला विचारतो." मी त्यांचा डबा पुढे केला. "अगं, बाप हिमालयात गेला आणि कुठे ते तुला माहीत नाय?" म्हटलं, "जाणाऱ्याला कुठे विचारत नाय." "मग फोनवर विचारायचंस!" "तेव्हा पण ते वाटेवरच होते." एवढा मोठा हिमालय, आणि माझ्याकडे त्यातलं एक नाव नाय.

आणि हे मला कुणी शिकवलं? तूच. मी पाच-सहा वर्षांची असेन. तू स्टोव्हपाशी बसून बांगडे साफ करून हळद-मीठ चोळतेयस. बाबा खांद्यावर दोर टाकून पायरी उतरतात आणि मी मागनं ओरडते, "बाबा, कुठे चाललात?" तू त्याच हातानं माझ्या पाठीत धपाटा घालतेस. फ्रॉकवर पाच पिवळी बोटं उठतात. बाबांना परत आत बोलावतेस, पाटावर बसवतेस, पाणी पाजतेस, मग परत सोडतेस. बाहेर ते तिघे ताटकळलेले. "वहिनी, कडा कुठे पळत नाय, पण एस्टी पळते!" तू आतनं, "एस्टी जाऊ दे! माझा माणूस घरी आला पाहिजे!" आणि मला म्हणतेस, "कुठे विचारलं की वाट अडते. कधी येणार, तेवढंच विचारायचं." म्हणून मी कधी येणार तेवढंच विचारलं. पण कधी उलटून गेलं की काय करायचं, ते तू सांगितलं नायस. तुझं सगळं असंच. अर्धं शिकवलंस आणि गेलीस.

बाबा कुठे गेलेत ते दादाला माहीत आहे. मुंबईत गाडीत बसवायला तोच गेला होता. बर्फातले बूट पण त्यानेच घेऊन दिले. त्यावरनं मी त्याला वाटेल ते बोलले, बापाला खड्ड्यात ढकलायला बूट दिलेस म्हटलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पण भांडणाचं काय मोठं, भांडण मी गिळीन. ते नाय अडत. सकाळपासनं त्याचा नंबर काढते आणि मोबाइल परत उपडा ठेवते. तू गेलीस त्या दिवशी दादा मला शाळेत न्यायला आला होता. वर्गाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "दप्तर घे." बस, एवढंच. आणि मला कळलं. त्याला आवाज लपवता येत नाय, अजूनपण येत नाय. त्याच्याकडे काय वाईट आलं असलं, तर नुसतं हॅलो म्हणाला तरी मला कळेल. ते मला त्याच्या तोंडून परत ऐकायचं नाय. मला भीती वाटते, आई. बाबांना हे सांगू नको.

हा कागद तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू? मिठाच्या बरणीखाली ठेवते, मोबाइल वर ठेवते. हे आले की बघतील, नायतर शेजारची येईल. जे कुणी वाचाल, माझ्या भावाला फोन लावा, दादा म्हणून नंबर आहे. मी पोरीला घेऊन बाहेर पायरीवर बसते, तुमचं बोलणं ऐकू येणार नाय अशी. माझं नाव सांगा, आणि बाबा कुठे आहेत ते विचारा.