तोंडपाठ धडा

प्रिय दिनू,

तुला जाऊन आठ महिने झाले. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून आजवर पत्र लिहिलं नाही. पण आज म्हसळ्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणात जे ऐकलं, ते सांगायला घरात दुसरं आहे कोण? लिहिते आणि ओटीवर बसून मोठ्याने वाचते. ऐक.

तिथल्या बाई म्हणाल्या, बोलणं मूल आपसूक शिकतं, वाचणं तसं नाही. डोळ्यांना दिसणारं अक्षर आणि कानाला ठाऊक असलेला आवाज, यांची गाठ मेंदूत मुद्दाम घालून द्यावी लागते. काहींची चटकन बसते, काहींची पुन्हा पुन्हा घालावी लागते. त्यात हुशारीचा संबंध नाही, आळसाचाही नाही. वीस वर्षं मी पहिलीला शिकवतेय. मान खाली घालून वहीत लिहीत राहिले.

आठवतं, दिवेलागणीला आपला परवचा चालायचा? पाढे, तिथी, नक्षत्रं, तू कधी अडखळला नाहीस. धड्याचंही तेच. मी एकदा मोठ्याने वाचला की तुला पाठ. मग पुस्तक मांडीवर घेऊन घडाघडा म्हणायचास आणि अण्णा खूश.

चोंबडेपणा मी केला. तुझ्या पुस्तकातला नवा धडा काढून म्हटलं, "हा वाच बघू, मी वाचून दाखवलेला नाही." तू पानाकडे बघत राहिलास, मग माझ्याकडे. अण्णा भडकले, "सगळं तोंडपाठ येतं, मग वाचायला काय धाड भरलीय याला?" चौथीत तुझी शाळा सुटली आणि तू आपल्या सुपारीच्या वाडीत झाडं शिंपायला लागलास. मी तेव्हा बारा वर्षांची होते रे. पण पुढे मोठी झाले ना?

आई-अण्णांमागे आपण दोघंच उरलो. रोज सकाळी मी पेपर वाचायची, तू सुपाऱ्या सोलत ऐकायचास. मी घाई केली की लगेच, "अगो ताई, गाळू नको काही." वादळानंतर वाडीच्या पंचनाम्याचा कागद आला, तेव्हा तू हळूच विचारलंस, "मला शिकवशील आता?" मी हसले. म्हटलं, "या वयात? मी आहे ना वाचायला."

खरं सांगू? तुला माझी गरज लागायची, ते मला आवडायचं. पण तू तरी दुसऱ्यांदा का नाही विचारलंस? एवढं काय ऐकायचं माझं? आता पेपर घडी न मोडता पडून राहतो. स्वतःपुरतं वाचवत नाही. फार एकटं वाटतं, दिनू.

माझ्या वर्गात सान्वी म्हणून एक मुलगी आहे. धडा अगदी तुझ्यासारखा म्हणते, डोळे पानावर नाहीत, माझ्या तोंडाकडे. परवा तिची आई म्हणाली, "बाई, पाठ तर समदं हाय तिला. वाचायचं मुद्दाम न्हाय करत. दिवाळीपर्यंत बघते, न्हायतर घरीच ठेवते, धाकट्याला सांभाळंल." मी मान डोलावली आणि वर्गात गेले. आजचं ऐकल्यावर मात्र उद्या सकाळीच तिच्या घरी जाणार आहे.

तुला शब्द देते. शाळा सुटल्यावर रोज त्या पोरीला घेऊन बसेन. एक अक्षर, त्याचा एक आवाज, लागेल तितक्या वेळा. तिच्यासाठी मी वाचणार नाही. तिला माझी गरज उरली नाही, की मगच थांबेन.

तुझं न ऐकलेली,
ताई