तलाव बाहेर बसला तेव्हा

प्रिय आचल,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. एका परीने बरंच झालं. फोनवर मी भाषण केलं असतं.

आपला तलाव लाल झाला आहे. विटेच्या भुकटीची साय धरावी तसा, काठापासून काठापर्यंत. बचतगटाच्या आम्ही अकरा बायांनी मासळीचा ठेका घेतला त्याला महिना व्हायचा आहे, तोच हे. ज्यांच्या हातून ठेका गेला त्या मुखरूभाऊंना एवढा आनंद मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. चावडीवर त्यांनी जाहीर केलं, "बायाईच्या हातात तलाव देल्ला, आता तलावबी बाहेर बसला." लोक हसले, आणि लोक हसले की गोष्ट खरी ठरते. दुसऱ्या दिवशी आमच्या गटातली सुकरी मासळीची टोपली घेऊन तीन गावं फिरली आणि भरल्या टोपलीनिशी परत आली. रविवारी ग्रामसभा आहे. विषय एकच, बायांचा ठेका रद्द करायचा की नाही.

आता तुझ्या आईला गप्प बसवेल असं माणूस जिल्ह्यात नाही, हे तुला ठाऊकच आहे. मी सकाळी सातला सारं गाव तलावाच्या पाळीवर बोलावलं. पाणी हिरवंगार होतं. कुठे आहे विटाळ, दाखवा, म्हटलं, आणि तलावाकडे पाठ करून सुरू झाले. आधी पाण्यावरचा आपला हक्क, मग बाईच्या देहाला अपवित्र ठरवणारे पोथीवाले, मग जगातल्या क्रांत्या. फ्रान्सपर्यंत लोक माना डोलवत होते. रशियात शिरले तेव्हा कोणी माझ्याकडे पाहीना, सगळ्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे लागलेले. मला वाटलं, भारावले. आवाज आणखी चढवला. नसलेला लाल रंग पाहणाऱ्या आंधळ्यांनो, असं काहीतरी म्हणत होते, तेवढ्यात सुकरीने पदर ओढला. "गिरजाबाई, जरा मांगं पाहा नं."

दहा वाजून गेले होते. मागे तलाव कुंकवासारखा लाल. मुखरूभाऊ शांतपणे तंबाखू मळत बसले होते.

घरी येऊन धान्याच्या कोठीवरची तुझी जीवशास्त्राची वही काढली. तुझं अक्षर माझ्यासारखंच भांडखोर आहे. वर 'आपल्या तलावातला' असं लिहिलेलं युग्लिनाचं पान सापडलं. एका पेशीचा जीव, पोहायला शेपटीसारखा धागा, उजेड ओळखायला लाल ठिपका. उन्हात झाडासारखं स्वतःचं अन्न करतो, अंधारात पाण्यातलं आयतं शोषून घेतो. वनस्पतीवाले म्हणाले आमचा, प्राणीवाले म्हणाले आमचा. शेवटी शहाण्यांनी त्याला प्रोटिस्टा नावाच्या तिसऱ्याच घरात ठेवलं. तिथे अमिबा, शेवाळांची जात आणि बुरशी नसूनही बुरशी म्हणवणारी श्लेष्मबुरशी, असे सगळे दाटीवाटीने नांदत होते. खाली तू लिहिलंस, आता तेही घर मोडलं, नव्याने वाटण्या चालू आहेत. मी आयुष्यभर लोकांना एकच प्रश्न विचारत आले, तुम्ही कोणत्या बाजूचे? या जिवाने मला उत्तरच दिलं नाही. खरं सांगते, रागच आला. निवडणुकीत मुखरूभाऊ असेच वागतात.

पण समासात तू बारीक अक्षरांत लिहिलं होतंस की यातल्या एका जातीत कडक उन्हात तांबडे कण अंगभर पसरतात आणि ऊन उतरलं की आत ओढले जातात. म्हणजे धानाच्या रोवणीच्या बाया उन्हात डोक्यावर पदर घेतात, तेवढंच की! मी दुसऱ्या दिवशी सहा ते सहा पाळीवर बसले, एक शब्द न बोलता. तुझ्या बाबांनी दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला. सहाला हिरवा, नऊला काठाशी तांबूस, साडेदहाला लाल, सायंकाळी पुन्हा हिरवा.

बाबा शेजारी येऊन बसले. ते वर्षातून चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन त्या दिवशी खर्च केली. "पोरगी हेच सांगून राह्यली होती. तू बोलू देल्लं नाईस."

आचल, ठेका मिळाल्याच्या सभेत तू उठली होतीस. पाणी तपासलं आहे, उन्हाळ्यात रंग बदलेल, आधी लोकांना सांगून ठेवा, एवढंच तुला म्हणायचं होतं. मी तुझ्या हातातला माईक काढून घेतला आणि म्हणाले, ही आमची शेवाळाची मास्तरीण. सारी सभा हसली. तू सायंकाळच्या बसने गेलीस. हसवून माणसाला गप्प करायची युक्ती मुखरूभाऊंनी बहुधा माझ्याकडूनच उचलली.

रविवारच्या वक्त्यांच्या यादीतून मी माझं नाव खोडलं आहे आणि तुझं लिहिलं आहे. सभा आठला, पाळीवरच. दहाला काय होणार ते तू आधीच सांगून टाक. मासे तरतरीत आहेत, पण हे पाणी पुढे त्यांना बाधेल का, ते मला माहीत नाही. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहिते आहे. बाधणार असेल तर तेही सभेत सांग, आमच्या विरुद्ध गेलं तरी. मी खाली बायांमध्ये बसेन. मी तोंड उघडलं की चिमटा काढायचं काम सुकरीने आनंदाने घेतलं आहे. तलाव गेला तर मी पुन्हा लढेन, ते मला येतं. तू अशीच लांब राहिलीस तर काय करायचं, ते येत नाही. शनिवारी सगळ्या बसना बाबा फाट्यावर उभे असतील. ते काही बोलणार नाहीत. मीही नाही. तू बोल.

तुझीच, चुकलेली,
आई