मापाशिवाय

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहवत नाही. गेल्या आठवड्यात तुझी नवी मालिका आम्ही घरचे सगळे मिळून बघत होतो. भुताच्या सिनेमातला पहारेकरी, कोर्टातला सरकारी वकील, युद्धपटातला स्वयंपाकी, कशातच तू ओळखू येत नाहीस म्हणून मी मैत्रिणींपुढे केवढी मिरवते. पण या विनोदी मालिकेतला, तोंड वाकडं करून अडखळत बोलणारा कारकून पोरांनी पहिल्याच वाक्याला ओळखला. ते आपले बाबा होते, दादा. पोरं खो खो हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू? मग बाबांकडे लक्ष गेलं.

तेव्हापासून ते एक शब्द बोललेले नाहीत. अर्धांगाचा झटका आल्यापासून आठ महिने रोज आरशासमोर बसून बोलायचा सराव करायचे, तोही बंद. असेच गप्प राहिले तर आलेली वाचा पुन्हा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. रागावलास तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

रागावू कुठल्या तोंडाने? दिग्दर्शकाला कारकुनात काहीतरी गंमत हवी होती, माझ्याकडून ते आपसूक निघालं. सगळे हसले आणि तेच कायम झालं. मी नेहमी घरातूनच उचलतो गं. वकिलाचं बोट रोखणं मामाचं, स्वयंपाक्याचं पुटपुटणं आत्याचं. बाबांच्या आजारपणात दोन दिवस आलो, शूटिंग आहे म्हणून निघालो, तो आजतागायत फिरकलो नाही. त्या दोन दिवसांत जे पाहिलं तेच विकलं. फार लाज वाटते.

पुढचं शूटिंग महिनाअखेर आहे, तेव्हा हे काम सोडतो असं सांगणार आहे. बाबांना वाचून दाखव.

तुझा,
दादा

१६ मार्च

चि. थोरल्यास आशीर्वाद.

धाकटी लिहिते आहे, मी बोलतो आहे. एकेका ओळीला पाच मिनिटं लागतात. हात दुखला म्हणून ती कुरकुरते आहे.

राग आला होता. अजून आहे. पण काम सोडू नकोस. अंगावर घेतलेलं अर्धवट टाकलेलं मला दुकानातही खपत नसे. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, म्हणून सांगतो, तुझं चुकलं आहे. माझं तोंड डावीकडे वाकतं, तू उजवीकडे वाकवतोस. दोन दिवस तू भिंतीकडे बघत बसला होतास. मला वाटलं, माझी किळस आली. धाकटी म्हणते, तुला रडू आवरत नव्हतं.

माप न घेताच कापड कापलंस. ये. समोर बस, मी बोलेन. या खेपेला माझ्याकडे बघ.

बाबा