तिसरे उपप्रमेय आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, बीजगणिताची निवृत्त प्राध्यापिका, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचे इथे नमूद करायचे असते. इतर लोक ते एका वाक्यात उरकतात. मला तसे करता येत नाही, कारण माझ्या डोक्यात लिंबाएवढी गाठ आहे, उद्या दुपारी ती काढणार आहेत, आणि माझी बुद्धी ठिकाणावर नाही असे कळवणारे एक पत्र विद्यापीठात पोहोचले आहे.

म्हणून आधी पुरावा. आज सकाळी आमचे डॉक्टर घरी आले. त्यांनी वार विचारला, घड्याळ काढायला लावले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी शून्याच्या खाली गेले तेव्हा "पुरे, पुरे" म्हणाले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मी गॅस दोनदा चालू ठेवून गेले हेही त्यात आहे आणि ते खरे आहे. गॅस विसरणे आणि गणित विसरणे या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यांनी माझ्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मताने लिहिले आहे.

कलम १. राहते घर माझ्या मुलाला. कसलीही अट नाही. अट घालावी असे मनात आले होते, कारण माझ्या विसरण्याच्या सगळ्या कहाण्या बाहेर पोचवणारा तोच. "आई, तुझ्या काळजीनं बोललो गं मी काकांशी," असे म्हणतो. काका म्हणजे ते पत्र लिहिणारे गृहस्थ, त्यांच्याविषयी कलम ६ मध्ये. काळजी खरी आहे, ते मला कळते. पण काळजीने बोललेले शब्द पुढे जसेच्या तसे पत्रात उतरले. तरीही घर त्याचेच. घर देऊन मी कोणाचे मत विकत घेणार नाही.

कलम २. बँकेतल्या सगळ्या ठेवी सुनेला. ती हिशेब तपासते, तोंडावर बोलते आणि माझ्या खोलीतला फळा तिने कधीही न विचारता पुसला नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मुलाने तोंड पाडले तर पाडू दे.

कलम ३. पुस्तके विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. मागच्या खोलीतला फळा, खडूंचे खोके आणि टेबल, ज्याला हवे असेल त्याने न्यावे. विभागप्रमुखांना काहीही नाही. मी निवृत्त झाले त्याच दुपारी त्यांनी माझ्या खोलीत झेरॉक्सचे यंत्र आणून बसवले, अजून माझी छत्री आत होती. ती छत्री तेवढी त्यांनी ठेवून घ्यावी.

कलम ४. आता ज्यासाठी हे सगळे घाईने लिहिते आहे, ते. वकिलांना समजावे म्हणून सोपे करून सांगते.

आमचा विषय आर्टिन अल्जेब्रा, म्हणजे बेरीज-गुणाकाराची एक चौकट, आणि त्यांच्यावरची मॉड्यूल, म्हणजे त्या चौकटीने गुणता येतील अशा रचना. मॉड्यूलला एक पांघरूण घालता येते. पांघरूण चांगल्या जातीचे असते, पण बहुधा मॉड्यूलपेक्षा मोठे निघते. जे जास्तीचे उरते तेही मॉड्यूलच, मग त्याला पुन्हा पांघरूण. काहींच्या बाबतीत हे थोड्या थरांनी थांबते, काहींच्या बाबतीत कधीच नाही. जी थांबतात त्यांना पहिल्या पांघरुणानंतर जास्तीत जास्त किती थर लागतात, हा प्रश्न. आणि मॉड्यूल दोन तऱ्हांची असतात: डावीकडून गुणायची आणि उजवीकडून गुणायची. दोन्हीकडची उत्तरे वेगळी येऊ शकतात. अल्जेब्रा बिंदू आणि बाणांच्या चित्राने मांडता येते. दोन बिंदू काढा. पहिल्यावर स्वतःकडेच वळणारा एक बाण, पहिल्याकडून दुसऱ्याकडे एक बाण, आणि लागोपाठ दोन बाण चालले की शून्य धरा. एका बाजूला उत्तर एक येते, दुसऱ्या बाजूला शून्य. हे कोणीही बसून करू शकते.

मात्र अल्जेब्रांच्या एका खास कुळात दोन्ही उत्तरे कायम सारखीच येतात, असे माझ्या पतीने आणि त्याच्या मित्राने सिद्ध केले. त्या प्रमेयाला दोघांची नावे लागली. पती गेल्यावर त्याच्या नावाचे वार्षिक व्याख्यानही सुरू झाले. त्याच कुळातली, पाच बिंदूंची एक अल्जेब्रा माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीने शोधून काढली. मी तिला चिवट म्हणते. तिच्या अल्जेब्रात डावीकडे दोन येतात आणि उजवीकडे तीन. मी ते आधी खोडून काढायला बसले होते, नवऱ्याच्या बाजूने. खोडता आले नाही.

मग मूळ पुरावा उघडला. चूक तिसऱ्या उपप्रमेयात, म्हणजे मुख्य प्रमेय ज्यावर उभे आहे अशा एका पायरीत आहे. माझा नवरा बाण डावीकडून उजवीकडे वाचत असे, मित्र उजवीकडून डावीकडे. दोघांनी आपापला अर्धा भाग अचूक लिहिला आणि जोडताना दिशा कोणीच बदलली नाही. त्यामुळे डाव्या मॉड्यूलांबद्दल सिद्ध केलेली गोष्ट उजव्यांना लावली गेली. पक्की प्रत नवऱ्याच्या अक्षरात आहे, म्हणून जोड त्याचीच असे मी धरून चालते. मला हे लिहायला आवडत नाही. मी त्या माणसावर प्रेम केले आहे आणि अजून करते.

कलम ५. चिवटला मी काहीही देत नाही. पुस्तक नाही, पेन नाही, पैसा नाही. तिच्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून माझी सही आहे. तिला मी चमचाभर जरी दिले तरी उद्या कोणीतरी म्हणेल की म्हातारीला पोरीचा लळा होता म्हणून सही केली. लळा होता. तो लपवण्यासारखा नाही. पण सही गणितावर केली आहे.

उद्या चार वाजता तिघांची समिती बसते आहे. मॉड्यूल कशाशी खातात हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नाही. ते फक्त एवढेच पाहणार की मार्गदर्शकाची बुद्धी शाबूत होती की नव्हती. तिची वाढीव मुदत संपली आहे. प्रबंध उद्या परत गेला तर तो पुन्हा सादर करता येणार नाही. त्या वेळी मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्ध पडलेली असेन, आणि शुद्धीवर आले तरी मला बाणाचे टोक ओळखता येईल की नाही हे शल्यविशारदही सांगत नाहीत. म्हणून जे बोलायचे ते आजच.

कलम ६. विद्यापीठाला पत्र लिहिणारे गृहस्थ म्हणजे प्रमेयाचे दुसरे नाव, चिवटचे बाह्य परीक्षक, माझ्या पतीचे जिवलग मित्र. मी त्यांना भाऊजी म्हणते. गेल्या आठवड्यात ते आले होते. कोट काढला नाही.

"वहिनी, तो गेल्यावर हे उकरून काढायचं? त्याला स्वतःची बाजू मांडायला तोंड आहे का आता?"

"तुम्हाला आहे ना? मांडा की तुम्ही."

"तुम्ही आजारी आहात. तुम्हाला कळत नाहीये."

"मग तिसरं उपप्रमेय इथे, माझ्यासमोर, एकाच दिशेने बाण वाचून करून दाखवा. झालं तर मी स्वतः सही मागे घेते."

"मला काय सिद्ध करायचंय? मी ते सिद्ध करून तीस वर्षं झाली!"

ते तडक निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी ते पत्र पोचले. लढाई माझ्याशी होती, मार त्या पोरीला बसणार होता.

तरी आज मी त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले आहे. साक्षीदाराला काही मिळता कामा नये, म्हणून त्यांच्या नावे काही ठेवलेले नाही. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही, पण भाऊजींनी शब्द न् शब्द वाचावा. मी फसवून सही घेणार नाही. वाचून सही केली, तर मी शुद्धीवर होते हे त्यांच्याच हाताने लिहिले जाईल आणि ते पत्र गळून पडेल. नाही केली, तर शेजारच्या शिंपीणबाई येऊन बसल्या आहेत, त्या करतील. मृत्युपत्र त्यांच्या सहीने चालेल. चिवटचे काम त्यावर चालणार नाही.

जोड मजकूर, त्याच दिवशी. भाऊजी आले. वाचले. मग उठून मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतले. खडूचा आवाज येतो आहे. मध्येच थांबतो, मग पुसल्याचा आवाज, पुन्हा खडू. पहिले साक्षीदार म्हणून थांबलेल्या डॉक्टरांना दवाखाना उघडायचा आहे, पण तेही उठत नाहीत. मुलगा दोनदा दारापाशी जाऊन परत आला. "काका, काही हवंय का?" म्हणाला. मला कॅथेटरची, भुलीची, कशाचीच इतकी भीती वाटली नव्हती.

आता खडू थांबला आहे. ते बाहेर येत आहेत. मी सही करते.

(सही) लिहून ठेवणारी

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल. दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, मंगळवार.

साक्षीदार पहिला: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण भानावर आहेत. (सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरा: मजकूर सबंध वाचला. वहिनींनी माझ्यासमोर सही केली, आणि काय लिहिले ते त्यांना माझ्यापेक्षा नीट समजते. मुलीचे उदाहरण बरोबर आहे. माझे पत्र मी मागे घेतो आणि उद्या चार वाजता समितीपुढे स्वतः हजर राहीन. कलम ४ मध्ये एक दुरुस्ती करावी. पक्की प्रत त्याच्या अक्षरात असली तरी जोड माझी होती. लिहून काढताना त्याने मला विचारले होते की इथे बाण कुठल्या दिशेने वाचायचे. मी म्हणालो होतो, काय फरक पडतो, लिही तू. (सही)